ग्रुपवर आधी आलं, मग तुमची गरज काय?

(सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी विनंती असल्याने तेवढं गाळून पत्र थोडक्यात देत आहोत.)

‘सर, वीसेक वर्षं मी एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. सुरुवातीला बातम्यांचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देत होतो. मग फॅक्स आला, ईमेल आला, आता मोबाईलवर टाइप करून थेट डेस्कला पाठवतो. मानधन सांगण्यासारखं नाही, जाहिरातींच्या कमिशनवर घर चालतं. हल्ली लोक तोंडावर विचारतात, “ग्रुपवर आधी आलं, मग तुमची गरज काय?” मध्यंतरी महामार्गावर ट्रक आणि दुचाकीचा अपघात झाला. मी ग्रामीण रुग्णालयात थांबून मृताच्या नावाची पोलिसांकडून खात्री करून घेत होतो, तोवर दोन-तीन ग्रुपवर फोटो फिरला आणि त्याखाली नाव भलत्याचंच. तो माणूस मोबाईल घरी ठेवून शेतात पाणी द्यायला गेलेला, आणि इकडे त्याच्या दारात रडारड. माझी बातमी दुसऱ्या दिवशी सिंगल कॉलम आली. डेस्कवरून वर विचारणा, “तुम्ही लगेच फोटो का नाही पाठवला?”

मी स्वतः बातम्यांचा एक ग्रुप चालवतो, साडेआठशे मेंबर आहेत. परवा त्यावर आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांनी “मुलं पळवणारी टोळी आली आहे” असा व्हिडिओ टाकला. मला तो खोटा वाटला, पण काढायची हिंमत झाली नाही. दिवाळीची आणि वाढदिवसाची मोठी जाहिरात त्यांच्याकडूनच येते. मुलगा बी.ए. झाला आहे. तो म्हणतो, पेपर सोडा, आपण यूट्यूब चॅनल काढू. काय करू? त्याने या धंद्यात यावं का? आणि खरं सांगा, तालुक्याला आता वार्ताहर लागतो का?’

प्रिय मित्रवर्य,

सप्रेम नमस्कार. पत्राखाली मोबाईल नंबर दिलात हे बरं केलंत. त्यामुळे उत्तर छापून यायची वाट न बघता एक गोष्ट फोनवरच सांगता आली, की तो व्हिडिओ आधी काढा, बाकीचं मग बोलू. तुम्ही तो काढलात. तरीही त्याबद्दल इथे सविस्तर लिहितो, कारण असे ग्रुप आता प्रत्येक तालुक्यात आहेत आणि ते चालवणाऱ्यांपुढे हाच पेच पुन्हा पुन्हा येतो.

तुम्ही सोलापूर जिल्ह्यातले, तेव्हा राईनपाडा तुम्हाला ठाऊक आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. पाचांतले बहुतेक जण तुमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे होते. त्या भागात आधीपासून मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला एवढं निमित्त झालं आणि जमाव धावून आला. मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे पाचही जण जिवानिशी गेले. मारणाऱ्यांच्या आजूबाजूला उभे असलेले लोक मोबाईलवर चित्रण करत होते.

त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर भारतातलाही नव्हता. मोटारसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणारं मूल उचलतात आणि पसार होतात, असं त्यात दिसतं. तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती व्हावी म्हणून केलेला जाहिरातपट होता. मूळ चित्रफितीत शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला. उरलेल्या तुकड्याने आपल्याकडे माणसं मारली गेली.

त्यानंतर व्हॉट्सॲपने मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. याचा उपयोग झाला, पण तुमच्या बाबतीत त्यातली फट लक्षात घ्या. तुमचा साडेआठशे जणांचा ग्रुप त्या हिशेबात ‘एकच ठिकाण’ धरला जातो. पुढारी मेसेज टाकतात एकदाच आणि तो साडेआठशे घरांत पोचतो. कंपनीने घातलेला बांध तुमच्या दारापर्यंत येऊन संपतो. तिथून पुढे अडवणारा माणूस एकच आहे, तो म्हणजे ॲडमिन.

कायद्याचं विचाराल तर, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत किंवा पूर्वनियोजन नसेल तर, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. म्हणजे तुमच्यावर गुन्हा दाखल होण्याची भीती मी घालत नाही. मी एवढंच म्हणतो, की लोक तुमच्या ग्रुपवर आले ते तुम्ही वार्ताहर आहात म्हणून. कुणा सोम्यागोम्याच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ आणि तुमच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ त्यांना सारखा वाटत नाही. ‘अमक्यांच्या ग्रुपवर आहे म्हणजे खरंच असणार,’ असं म्हणूनच तो पुढे जातो. वीस वर्षांत कमावलेलं तुमचं नाव त्या व्हिडिओच्या कामी आलं असतं.

ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी काढता येतो, पण त्याला मुदत असते. ती टळली की हात चोळत बसावं लागतं. आणि नुसतं काढून भागत नाही, कारण तोवर पाहणाऱ्यांनी पाहिलेला असतो. खुलासा टाकायलाच हवा. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे वाक्य लोकांच्या डोळ्यांना इतकं सरावलं आहे की ते वाचलंच जात नाही. त्याऐवजी उठून पोलीस ठाण्यात जा, ठाणे अंमलदाराला विचारा, मग असं काहीतरी लिहा: ‘आज सायंकाळी सहा वाजता ठाण्यात जाऊन चौकशी केली. आपल्या तालुक्यात या महिन्यात मूल पळवल्याची एकही तक्रार नोंदलेली नाही. फिरणारा व्हिडिओ आपल्या भागातला नाही. अनोळखी माणूस दिसला आणि शंका आली तर अंगावर हात टाकू नका, ११२ ला फोन करा.’ खाली तुमचं पूर्ण नाव. यात वेळ आहे, जागा आहे, कोणी कुणाला विचारलं ते आहे. खोटा मेसेज या तीन गोष्टी सहसा देत नाही. दिल्याच तर त्या तपासता येतात आणि तिथेच त्याचं पितळ उघडं पडतं. खुलाशासोबत तो व्हिडिओ मात्र पुन्हा जोडू नका, त्यावर ‘खोटे’ असा लाल शिक्का मारूनही नाही. लोक मजकूर गाळतात आणि व्हिडिओ तेवढा उचलतात.

आता पुढारी. त्यांना ग्रुपवर सर्वांदेखत काही बोलू नका, त्याने गोष्ट मानापमानावर जाईल. फोन करा, जमलं तर घरी जा. ‘अण्णा, हा व्हिडिओ आपल्याकडचा नाही, मी ठाण्यात विचारून आलो. उद्या बाजारात एखाद्या फिरस्त्यावर हात पडला तर पहिलं नाव तुमचं निघेल. म्हणून मीच काढला.’ एवढं पुरतं. गावातले बहुतेक पुढारी असले मेसेज दुष्टाव्याने टाकत नाहीत. आपल्याला सगळ्यांआधी कळलं हे दाखवायची त्यांना घाई असते. तुम्ही त्यांना अडचणीतून सोडवलंत असंच त्यांना वाटेल. आणि नाहीच वाटलं, जाहिरात बंद केलीच, तर? तर तो तोटा सोसावा लागेल. हे लिहिताना मला सोपं वाटत नाही, कारण त्या जाहिरातीच्या कमिशनवर तुमच्या घरचा किराणा भरला जातो हे मला माहीत आहे. पण राईनपाड्याला गेलेल्या पाच जणांच्या घरीही किराणा भरायचा होता. इथे माझं मत एकच आहे आणि त्यात तडजोड नाही.

राईनपाड्यानंतर दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० रोजी, पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच मारले गेले. लॉकडाऊनचे दिवस, सगळं गाव रात्री पहाऱ्यावर, आणि चोर-दरोडेखोर आणि मुलं पळवणारे आल्याच्या वावड्या. त्या घटनेनंतर मारणारे कोण, यावर दुसरी अफवा उठली. ती थांबवायला राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची यादी जाहीर करावी लागली. अफवेला उत्तर द्यायचं तर ते नावानिशी आणि तपशिलानिशी द्यावं लागतं, हे मंत्रालयालाही चुकलं नाही. तालुक्याला हे काम कोण करणार?

इथून तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो.

अपघाताच्या फोटोत तुम्ही मागे पडलात असं डेस्कचं म्हणणं आहे. मी अनेक वर्षं डेस्कवर काम केलं आहे, त्यामुळे तिथला ताण मला कळतो. संध्याकाळी तालुक्याची पानं लवकर सोडायची, शहराची मागून, आणि मोबाईलवर सगळ्यांनी सगळं पाहिलेलं. पण डेस्कने तुम्हाला चुकीचा प्रश्न विचारला. ‘नाव बरोबर कसं मिळवलंत?’ असं विचारायला हवं होतं. त्या दिवशी त्या ग्रुपवाल्यांनी एका जिवंत माणसाच्या आईला रडवलं आणि ज्या घरातला माणूस खरोखर गेला होता, त्या घराला काही पत्ताच नव्हता. ही घोडचूक टाळणारा तालुक्यात एकच माणूस होता आणि तो रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभा होता. मृताच्या घरी कळल्याशिवाय नाव द्यायचं नाही, हा नियम तुम्ही पाळता तसा तुमच्या ग्रुपलाही लावा, अगदी फोटो पाठवणारा हवालदार असला तरी.

वेगात तुम्ही मोबाईलला हरवू शकणार नाही. तो नाद सोडा. रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तुम्ही तिथे पोचेपर्यंत ते चित्रण पुण्या-मुंबईला गेलेलं असतं, दुबईला नोकरी करणाऱ्या गाववाल्याने पाहून त्यावर हात जोडलेलेही असतात. तुमच्याकडे आहे ते निराळं आहे. माळीणचं आठवा. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका. सकाळी नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एसटी चालकाला गावच दिसेना, आणि मग बाहेरच्या जगाला कळलं की डोंगर गावावर आला आहे. दीडशेच्या वर माणसं त्या खाली होती. तेव्हाही मोबाईल होते. पण काय नाहीसं झालं हे ओळखता आलं ते त्या वाटेने रोज जाणाऱ्याला, काल तिथे काय होतं हे पाहिलेल्याला.

तालुका वार्ताहर म्हणजे नेमका हाच माणूस. पाझर तलावाचं काम कागदावर पूर्ण आहे आणि प्रत्यक्षात भरावाची माती वाहून गेली आहे, हे ज्याने दोन उन्हाळ्यांत तो तलाव पाहिला त्यालाच सांगता येतं. बाजार समितीत कांद्याचा पुकारा कितीवर झाला आणि पट्टी किती हातात आली यातला फरक तिथे उभा राहणाऱ्यालाच दिसतो. ग्रुपवर कांद्याच्या ढिगाचा आणि रडणाऱ्या शेतकऱ्याचा व्हिडिओ येईल. हमाली, तोलाई, वाहतूक कापून त्याच्या हाती काय उरलं, हे पट्टी मागून, वाचून, आकड्यानिशी तुम्हीच लिहू शकता.

पाठपुरावाही तुमचाच. राईनपाड्याचा खटला साडेपाच वर्षं चालला. २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. २०१८ च्या त्या आठवड्यात ज्यांच्या मोबाईलवर ते चित्रण पोचलं, त्यांच्यातल्या किती जणांपर्यंत हा निकाल पोचला असेल? ग्रुपला स्मरण नसतं. पहिल्या दिवशीचा आरोप, तिसऱ्या महिन्यातलं दोषारोपपत्र, पाचव्या वर्षातला निकाल ही सगळी एकाच बातमीची अंगं आहेत. तुमच्या जुन्या वह्या असतील, त्या काढा. दोन-तीन वर्षांपूर्वी तुम्हीच दिलेल्या बातम्यांचं पुढे काय झालं, एवढंच आठवड्यातून एकदा लिहायला लागा. कुठल्याही ग्रुपवर ते आधी येणार नाही.

वाईट वाटेल असंही थोडं लिहितो. लोक पेपर सोडून मोबाईलकडे गेले ते फक्त तो फुकट आणि लवकर मिळतो म्हणून नाही. २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला आणि यूट्यूब बांधावर पोचलं, हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्या तालुका पानांवर सत्कार, निवड, वाढदिवस, निवेदन आणि उद्घाटन यांनीच जागा भरली होती. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या मजकुराचं प्रकरण महाराष्ट्रातच गाजलं. एकाच नेत्याची तीच ती स्तुती वेगवेगळ्या पेपरांत शब्दशः छापून आली होती. वाचक तेव्हा काही बोलला नाही, पण त्याने मनात नोंद ठेवली. आज तो ‘तुमची गरज काय’ विचारतो त्यात ती नोंद आहे. आपल्या पेपरांनी त्याचा विश्वास गमावला, तो ज्याचा त्याने गावपातळीवर परत मिळवायचा आहे.

मोबाईलने लोकांना जे दिलं तेही मोठ्या मनाने मान्य करा. पारधी वस्तीवर, ऊसतोड कामगारांच्या खोप्यांवर, पाड्यावरच्या शाळेत आपल्यापैकी किती जण नेमाने जात होते? तिथली माणसं आता स्वतः बोलतात. टँकर आला नाही तर बाई हंड्यांच्या रांगेचा व्हिडिओ काढून तहसीलदारांना पाठवते आणि दुसऱ्या दिवशी टँकर येतो. पूर्वी त्यासाठी तिला तुमच्या-माझ्यासारख्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. ते संपलं हे चांगलंच झालं. ती बाई तुमची स्पर्धक नाही. तिचा व्हिडिओ आला की फोन करा, कुठली वस्ती, कुठल्या तारखेचा, पाणी किती दिवसांनी आलं ते विचारा आणि पंचायत समितीत जाऊन टँकरच्या फेऱ्यांची नोंद पाहा. टँकर कागदावर रोज येत असेल तर ती बातमी आहे, आणि ती तिचा व्हिडिओ आणि तुमची चौकशी मिळूनच पुरी होते.

ज्या अफवेत मारामारी नाही ती माणूस चटकन विसरतो, पण घर तिनेही बुडतं. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो असे मेसेज फिरले. ब्रॉयलरचे दर कोसळले, पोल्ट्रीवाल्यांना पक्षी मिळेल त्या भावाने द्यावे लागले, काहींनी फुकट वाटले. कर्ज काढून शेड उभारलेली तरुण पोरं त्यात रस्त्यावर आली. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे चार शब्द वेळेवर, विश्वासाच्या माणसाकडून लोकांपर्यंत जाणं किती मोलाचं असतं, हे त्या वेळी कळलं.

आता मुलाचं म्हणणं. पेपर सोडू नका, निदान एवढ्यात नाही. मानधन तुटपुंजं असलं तरी पेपरचं नाव घेऊन तुम्ही कार्यालयात माहिती मागू शकता, आणि तुमचं लिहिलेलं दुसरा एक माणूस वाचून मगच छापतो. ही दुसरी नजर चॅनलवर नसते. चॅनल काढायचा तर आधी पेपरला लेखी विचारा. पुष्कळ दैनिकांना वार्ताहराने स्वतःचं माध्यम चालवलेलं चालत नाही, आणि नंतर वाद होण्यापेक्षा एक पत्र आधी दिलेलं बरं.

पैशाचा हिशेबही मुलाला बसून करायला लावा. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. सरासरी दोन मिनिटं कुणी पाहत असेल तर वर्षाला एक लाख वीस हजार वेळा, म्हणजे रोज सव्वातीनशेच्या वर लोकांनी पाहायला हवं. अशक्य नाही. पण पैसा तिथून सुरू होतो, आणि एका तालुक्याच्या बातम्यांवर तो घर चालण्याइतका होत नाही. मग पोरं काय करतात? माइकला चॅनलच्या नावाचा बूम लावून पुढाऱ्याच्या मुलाखती करतात, पाकिटं घेतात, आणि त्यातले काही वाळूवाल्याला आणि ग्रामसेवकाला ‘बातमी लावू का’ म्हणून धमकावायला लागतात. तुमच्या तालुक्यातही असे असतील. मुलाला या वाटेला जाऊ देऊ नका. ‘पोर्टलचं रजिस्ट्रेशन आणि प्रेस कार्ड करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यालाही उभं करू नका. १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२४ च्या मार्चपासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आला आहे, तो छापील नियतकालिकांसाठी आहे. इंटरनेटवर बातम्या देणाऱ्यांना २०२१ चे नियम लागू आहेत. त्यात तक्रार ऐकणारा अधिकारी नेमून त्याचं नाव-पत्ता जाहीर करावा लागतो आणि आलेल्या तक्रारीचा पंधरा दिवसांत निकाल लावावा लागतो. हे बंधन मला आवडतं. तुमच्या ग्रुपलाही ते स्वतःहून लावून घ्या: चूक कळवायला नंबर, आणि चूक निघाली तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे.

यूट्यूबच्या आधी मी व्हॉट्सॲपचा चॅनल काढायला सांगेन. आपल्याकडे ही सोय सप्टेंबर २०२३ पासून आली आहे. त्यावर फक्त तुम्ही लिहिता, बाकीचे वाचतात, आणि वाचणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. तुमच्या साडेआठशेत बायका किती आहेत ते मोजून पाहा. फार थोड्या असतील. ग्रुपमध्ये नंबर उघडा पडतो, मग रात्री-अपरात्री ‘हाय’ येतात, म्हणून त्या येत नाहीत किंवा घरचे येऊ देत नाहीत. चॅनलवर अंगणवाडी सेविका येतील, आशाताई येतील, बचत गटाच्या बायका येतील, आणि तालुक्याची अर्धी खबर त्यांच्याकडेच असते. जुना ग्रुप ठेवायचा तर ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतो’ हा पर्याय लावून टाका. काही जण रागावून बाहेर पडतील, पडू द्या. लोकांनी बातमी कळवायला तुमच्या खासगी नंबरवर लिहावं.

रोज दहा-बारा वेळा काही टाकायची गरज नाही. संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकदाच टाका: बाजारभाव, धरणातला पाणीसाठा, उद्या वीज कुठे जाणार, रुग्णालयात डॉक्टर कोण आहेत, आणि एखादी तपासलेली बातमी. बलात्कारपीडितेची किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलाची ओळख कुठल्याही रूपात जाऊ देऊ नका. नाव गाळून गावाचं नाव, बापाचा धंदा आणि घराचा फोटो दिला तरी ओळख पटते. भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाने आणि पॉक्सोच्या २३ व्या कलमाने तो गुन्हा आहे. स्थानिक ग्रुपवर हे सर्रास घडतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

मुलाने या धंद्यात यावं का? यावं, पण कॅमेऱ्यापासून सुरुवात करू नये. आधी सहा महिने तुमच्याबरोबर ठाण्यात, तहसीलमध्ये, कोर्टात, बाजार समितीत फिरू द्या. फिर्याद वाचायला शिकू द्या, माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिकू द्या. ग्रामसभेचं इतिवृत्त कसं मागायचं ते कळू द्या. त्याला फावल्या वेळात ‘खबर लहरिया’ पाहायला सांगा. २००२ साली उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटला ग्रामीण बायकांनी बुंदेलीत सुरू केलेलं हे पत्र. त्यात दलित, आदिवासी, मुस्लिम बायका वार्ताहर झाल्या. छापणं थांबवून त्या मोबाईलवर गेल्या आणि हातपंपापासून फिर्याद न घेणाऱ्या ठाण्यापर्यंत सगळं आज व्हिडिओवर दाखवतात. आपल्याकडे मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू केला आणि पुढे नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो चालवला, १९६७ पर्यंत. तेव्हा तिथे छपाईचा कागद नेणंही कष्टाचं होतं. तुमच्या मुलाच्या खिशात आज त्यांच्या छापखान्यापेक्षा कितीतरी जास्त सोय आहे.

एक वर्ष त्याला कमाईची घाई करावी लागू नये म्हणून दुसरं काही काम असू दे, अर्धवेळ का होईना, म्हणजे चॅनल चालवण्यासाठी त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. पेपरचं उत्तर लेखी आलं की मला कळवा. त्यांनी नकार दिला तर काय लिहायचं, ते आपण मिळून ठरवू.

तुमचा स्नेहांकित.